भाड्याचे चित्रपट, भाड्याची घरे

चित्रपट भाड्याने आणून घरी पाहण्याची रीत आपल्याकडे आता जुनी झाली आहे. १९८०च्या दशकात नाक्यानाक्यावरच्या व्हिडिओ लायब्ररीतून कॅसेट एका दिवसाच्या भाड्याने मिळत असे. ज्यांच्या घरी यंत्र नव्हते ते यंत्रही भाड्याने आणीत आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना जमवून एका रात्रीत तीन-तीन चित्रपट संपवीत. पुढे ती दुकाने गेली, कॅसेटही गेली. आता पैसे पडद्यावरच भरायचे आणि एकदा पाहायला घेतलेला चित्रपट बहुधा ४८ तासांत संपवायचा. मुदत सरली की तो हातचा जातो. प्रेक्षक हा चित्रपटाचा भाडेकरू होय, मालक नव्हे.

असे भाड्याने आणलेले चित्रपट कोणत्याही क्रमाने पाहिले जातात. प्रहसनानंतर भयपट लागतो, त्यानंतर परदेशी चित्रपट. समीक्षक ज्यांची नावे एका ओळीत घेणार नाहीत असे चित्रपट त्यामुळे शेजारी येऊन बसतात आणि कधी कधी एकच गोष्ट सांगू लागतात. येथे विचार करावयाचा आहे तो अशा सहा चित्रपटांचा. त्यांची जातकुळी भिन्न आहे, पण प्रत्येकाच्या मुळाशी प्रश्न एकच आहे : राहावयाचे कोठे?

पहिला मान अर्थातच सचिन पिळगावकर दिग्दर्शित ‘अशी ही बनवाबनवी’चा (१९८८). मराठी घरांत हा चित्रपट पाठ झालेला आहे. हृषीकेश मुखर्जींच्या ‘बीवी और मकान’वर (१९६६) तो आधारलेला असला तरी त्यातले पुणे अस्सल आहे. घरमालकीण केवळ विवाहित जोडप्यांनाच जागा देणार, म्हणून चार मित्रांपैकी दोघांना लुगडी नेसावी लागतात. अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांची विनोदाची जाण इतकी पक्की आहे की हसून हसून पुरेवाट होते. परंतु हसू ओसरल्यावर ध्यानात येते ते हे, की छपरासाठी माणसाला स्वतःची ओळख लपवावी लागते. आजही अविवाहितांना, मुसलमानांना, दलितांना आणि मांसाहारी कुटुंबांना जागा नाकारली जाते, तेव्हा त्यांनी कोणते सोंग घ्यावे? प्रहसनात शेवटी सारे उघड होते आणि घरमालकीण क्षमा करते. व्यवहारात अशी क्षमा क्वचितच मिळते.

भीमसेन यांचा ‘घरौंदा’ (१९७७) ही वरकरणी प्रेमकथा आहे. एकाच कचेरीत काम करणारी दोघे पै-पै साठवून मुंबईत सदनिका नोंदवितात आणि बिल्डर पैसे घेऊन पसार होतो. मग नायक प्रेयसीला सुचवितो, की तिने त्यांच्या आजारी, श्रीमंत मालकाशी लग्न करावे. तो फार दिवस जगणार नाही आणि पैसा हाती येईल. अमोल पालेकरांच्या सोज्वळ चेहऱ्यावर ही सूचना उमटते तेव्हा अंगावर शहारा येतो. डॉ. श्रीराम लागूंनी तो मालक खलनायक न करता एकाकी माणूस केला, हे या चित्रपटाचे मोठे बळ. सदनिका घेणाऱ्यांच्या संरक्षणासाठी महाराष्ट्रात १९६३ साली कायदा झाला होता, हे लक्षात घेतले म्हणजे कागदावरचे संरक्षण किती तोकडे होते ते कळते. फसवणुकीच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरण मिळण्यास २०१६चा केंद्रीय कायदा यावा लागला. तोवर किती संसार मांडण्यापूर्वीच मोडले असतील!

रामगोपाल वर्मा यांचा ‘भूत’ (२००३) हा भयपट. एक तरुण जोडपे उंच इमारतीत सदनिका घेते. आधीच्या भाडेकरू स्त्रीचा तेथे मृत्यू झाला होता, हे पतीला ठाऊक असते. परंतु जागा स्वस्तात मिळत असल्याने तो पत्नीपासून ते लपवितो. बाकीचा चित्रपट दचकविण्याचा आहे आणि ते काम ऊर्मिला मातोंडकरने चोख बजावले आहे. पण खरी मेख आरंभीच आहे : भुताच्या भयापेक्षा भाड्याचे भय मोठे! आणि त्या स्त्रीच्या मृत्यूला कारण कोण, तर घरमालकाचाच मुलगा. भयपटाने नकळत वर्गसंबंध उघडा पाडावा, ही गंमत दुर्लक्षिण्याजोगी नाही.

कुंदन शाह यांच्या ‘जाने भी दो यारो’ची (१९८३) थोरवी सांगावयास नको. त्यात दोन बिल्डर आहेत, एक महापालिका आयुक्त आहे, एक संपादिका आहे आणि सत्य उजेडात आणू पाहणारे दोन भोळे छायाचित्रकार आहेत. प्रेताच्या पळवापळवीत आणि महाभारताच्या नाट्यप्रयोगात प्रेक्षक खदखदून हसतो, आणि शेवटी पूल कोसळल्याचे बालंट त्या दोघांवर आले की हसणे घशात अडकते. एकच उणीव जाणवते. ज्या शहरासाठी ही धडपड, त्या शहरातले लोक नाट्यगृहातील प्रेक्षकांपलीकडे फारसे दिसतच नाहीत.

सईद अख्तर मिर्झा यांचा ‘मोहन जोशी हाजिर हो’ (१९८४) मात्र चाळीतच घडतो. घरमालक दुरुस्ती करीत नाही म्हणून एक वृद्ध जोडपे न्यायालयात जाते. तारखा पडत राहतात, वकील गब्बर होतात, शेजारी टिंगल करतात. अखेर न्यायाधीश पाहणीस येणार म्हणून मालक इमारतीला तात्पुरते टेकू लावतो आणि ते टेकू मोहन जोशी स्वतःच्या हातांनी पाडतो. भीष्म साहनी आणि दीना पाठक यांचा अभिनय अभिनय वाटतच नाही. मुंबईच्या जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी १९६९ साली कायदा झाला, मंडळ नेमले गेले, उपकरही बसला. तरीही पावसाळ्यात जुनी इमारत कोसळल्याची बातमी चुकत नाही. टेकू लावण्याची कला मालकांपुरती मर्यादित नाही, हेच खरे.

शेवटचा चित्रपट इटलीचा, व्हित्तोरिओ दे सिका यांचा ‘इल तेत्तो’, म्हणजे ‘छप्पर’ (१९५६). ‘बायसिकल थीव्ज’ची कीर्ती याच्या वाट्याला आली नाही, ही उपेक्षाच म्हणावी लागेल. रोममध्ये एका तरुण गवंड्याला आणि त्याच्या पत्नीला राहावयास जागा नाही. एका रात्रीत भिंती उभारून छप्पर चढविले तर पोलीस ते घर पाडू शकत नाहीत. म्हणून त्याचे सोबती गवंडी दिवसभराचे काम संपवून येतात आणि रात्रभर विटा रचतात. पहाटे पोलीस येतो तेव्हा छप्पर पुरते झालेले नसते; तरी तो कानाडोळा करतो. मुंबईच्या झोपडीवासीयांना या कथेची ओळख पटण्यास वेळ लागू नये. तेथे छपराला मोल होते, येथे १ जानेवारी २००० सारख्या तारखेच्या कागदाला आहे, इतकाच भेद.

हे सहा चित्रपट शेजारी ठेवले की एक गोष्ट ठळक होते. सोंग, सोयीचे लग्न, लपविलेले सत्य, छायाचित्राचा पुरावा, न्यायालयाची पायरी — पहिल्या पाचांत प्रत्येक जण घराचा प्रश्न एकट्यादुकट्याने, फार तर मित्रांच्या टोळक्याने सोडवू पाहतो. आणि ‘बनवाबनवी’चा सुखान्त वगळला तर हरतो. अखेरीस स्वतःचे छप्पर लाभते ते एका ‘इल तेत्तो’मध्येच, कारण तेथे दहा हात एका भिंतीला लागतात. मोहन जोशीची चाळ त्याच्यामागे उभी राहिली असती, तर त्याला टेकू पाडावे लागले नसते.

ही कविकल्पना नव्हे. आणीबाणीच्या काळात, १९७६ साली, नागरी जमीन कमाल मर्यादा कायदा आला. त्याखालील अतिरिक्त जमिनीवर गोरेगावच्या दिंडोशीत मृणाल गोरे, बाबुराव सामंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या नागरी निवारा परिषदेने सामान्यांसाठी हजारो घरे उभी केली. तो कायदा महाराष्ट्राने २००७ साली रद्द केला. आनंद पटवर्धन यांनी ‘हमारा शहर’ (१९८५) या माहितीपटात झोपडीवासीयांना स्वतःच्या तोंडाने बोलू दिले. या सहांतील पाच भारतीय कथापटांत मात्र सभा भरविणारे, वर्गणी काढणारे, मोर्चा नेणारे भाडेकरू भेटत नाहीत. हे नाट्य प्रहसनाहून कमी रंजक आणि भयपटाहून कमी थरारक खचित नाही. ते पडद्यावर यावे. प्रेक्षक भाडे भरून ते पाहतील, आणि कदाचित पाहून झाल्यावर शेजाऱ्याचे दार वाजवतील.