आखाजीचा मुहूर्त आणि धोरणाचा मुहूर्त

वैशाख शुद्ध तृतीया हा साडेतीन मुहूर्तांपैकी एक. या तिथीस केलेले दान, जप आणि पितृतर्पण अक्षय होते, अशी आपली पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा आहे. अन्यत्र हा दिवस अक्षय्य तृतीया म्हणून ओळखला जातो. खानदेशात मात्र तो आखाजी आहे, आणि दिवाळीइतकाच मोठा आहे. सासुरवाशिणी माहेरी येतात, निंबाच्या फांदीला झोके बांधले जातात, गौराईची पूजा होते, पितरांच्या नावे घागर भरली जाते आणि घरोघरी आमरस-पुरणपोळीचा नैवेद्य होतो. शिंदखेड्यापासून शिरपूर-अमळनेरापर्यंत हेच चित्र दिसते.

परंतु आखाजीला आणखी एक अंग आहे. हा दिवस शेतकऱ्याच्या वर्षाचा हिशेब मिटविण्याचा आणि नव्या वर्षाचा हिशेब मांडण्याचा आहे. सालदाराचे साल आखाजीला संपते आणि नवे साल आखाजीलाच ठरते. कोणत्या रानात कापूस लावावयाचा, कोणत्यात मका वा ज्वारी, बियाण्यासाठी व खतासाठी किती रक्कम हाताशी ठेवावयाची, उसनवारी कोणाची फेडावयाची, लेकीच्या अंगावर यंदा गुंजभर सोने घालता येईल की नाही, हे सारे याच सुमारास घरातील वडीलधारी मंडळी ठरवितात. धर्माने नेमून दिलेला मुहूर्त अशा रीतीने अर्थव्यवहाराचाही मुहूर्त झाला आहे.

या हिशेबात एक आकडा मात्र घराच्या हाती नसतो. तो असतो भावाचा. आणि भाव केवळ पाऊसपाण्यावर ठरत नाही. आयातशुल्काच्या एखाद्या अधिसूचनेने तो वर-खाली होतो. अशा अधिसूचनेला तिथी नसते, वार नसतो. आजच्या सणाच्या निमित्ताने या गोष्टीचा थोडा विचार करणे अप्रस्तुत होणार नाही.

पांढऱ्या सोन्याचा मार्ग

शिंदखेडा तालुका कमी पावसाचा. उत्तरेस तापी वाहते, मुडावदजवळ पांझरा तिला मिळते; तथापि नदीकाठ सोडला की बरीचशी जमीन आभाळाकडे डोळे लावून बसलेली. अशा रानात रोख पैसा देणारे पीक म्हणजे कापूस. म्हणूनच त्याला पांढरे सोने म्हणावयाचे.

परदेशी रुईवरील शुल्काचा आपल्या घरच्या कापसाशी संबंध कसा येतो, हे एका साध्या हिशेबाने समजून घेता येईल. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२१ च्या अर्थसंकल्पात आयात कापसावर, सर्व अधिभार धरून, ११ टक्के शुल्क बसविले. व्यापारात रुईचा भाव खंडीवर बोलला जातो आणि खंडी म्हणजे ३५६ किलो. शंभर किलो कापसातून साधारण चौतीस किलो रुई निघते असे धरले, तर एका खंडीला सुमारे साडेदहा क्विंटल कापूस लागतो. समजा, परदेशी रुई बंदरात खंडीला ५०,००० रुपयांना पडते. शुल्क असताना गिरणीला ती ५५,५०० रुपयांना पडेल. शुल्क उठले की ५,५०० रुपयांनी स्वस्त होईल. गिरणीमालक तेवढा भाव जिनिंगवाल्याला कमी देऊ पाहतो, जिनिंगवाला तो खेडा खरेदीच्या व्यापाऱ्यावर ढकलतो आणि व्यापारी तो दारात उभ्या असलेल्या शेतकऱ्याला सांगतो. ५,५०० रुपये साडेदहा क्विंटलांवर वाटले, तर क्विंटलमागे सव्वापाचशेच्या घरात रक्कम येते. सरकीचा भाव आणि बाजारातील मागणी यांमुळे हा सगळाच फरक खाली उतरतो असे नाही. पण ओझे कोणत्या दिशेने सरकते हे यावरून स्पष्ट होते.

आता २०२५ सालाकडे पाहू. त्या वर्षी आखाजी ३० एप्रिलला झाली. २८ मे रोजी केंद्र सरकारने नव्या हंगामाचे हमीभाव जाहीर केले. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,५२१ वरून ८,११० रुपये झाला, म्हणजे क्विंटलमागे ५८९ रुपयांची वाढ मिळाली. त्या भरवशावर पेरणी झाली. पुढे ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात, ज्या आठवड्यात घरोघरी पोळ्याची तयारी चालली होती आणि कपाशी पात्या-फुलांवर होती, त्याच आठवड्यात कापसावरील आयातशुल्क १९ ऑगस्टपासून माफ झाल्याची अधिसूचना निघाली. प्रथम मुदत ३० सप्टेंबरपर्यंत होती. गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, २८ ऑगस्टला, ती ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढविण्यात आली. खानदेशात नव्या कापसाच्या खरेदीचा मुहूर्त पुष्कळ ठिकाणी गणेश चतुर्थीलाच करतात, हे येथे लक्षात घ्यावे. मे महिन्यात एका हाताने दिलेले ५८९ आणि ऑगस्टमध्ये दुसऱ्या हाताने मोकळी केलेली सव्वापाचशेची वाट, हे दोन आकडे शेजारी ठेवले की निराळे भाष्य करावे लागत नाही.

हमीभाव तर होताच, मग चिंता कशाची, असा प्रश्न कोणी विचारील. भारतीय कापूस निगम हमीभावाने खरेदी करते हे खरे. परंतु तेथे आठ टक्के ओलाव्यापर्यंतच पूर्ण भाव मिळतो, पुढे बारा टक्क्यांपर्यंत कपात होते आणि त्याहून ओला कापूस परत येतो. पहिल्या वेचणीचा कापूस नेमका ओला असतो आणि दिवाळीची निकड नेमकी त्याच वेळी असते. मुलांचे कपडे, मजुरांची वेचाई, दुकानदाराची उधारी या गोष्टी नोंदणी आणि नंबर लागेपर्यंत थांबत नाहीत. म्हणून गरजू शेतकऱ्याचा पहिला कापूस खेडा खरेदीतच जातो आणि बाजारातील घसरण प्रथम त्याच्याच वाट्याला येते.

जुने दाखले

दूर देशीच्या घटनेने खानदेशाच्या चुलीवर परिणाम व्हावा, हे आजचे नाही. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. लँकेशायरच्या गिरण्यांना तेथील कापूस मिळेनासा झाला आणि मुंबई बंदरातून खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला अपूर्व भाव आला. युद्ध संपताच तो भाव कोसळला, आणि चढत्या भावाच्या आशेवर घेतलेली कर्जे मात्र मागे राहिली. त्या काळी शेतकऱ्याला लंडनची वार्ता कळावयास महिने लागत. आज ती क्षणात कळते. पण तोवर बियाणे जमिनीत गेलेले असेल, तर वार्ता लवकर कळून काय उपयोग?

दुसरा दाखला आपल्या राज्याचा. महाराष्ट्राने १९७१ चा कायदा करून १९७२ पासून एकाधिकार कापूस खरेदी योजना चालविली. व्यापाऱ्याच्या मर्जीतून शेतकऱ्याला सोडवावे, हा तिचा हेतू होता. हंगामापूर्वी भाव कळे, हा तिचा गुण; चुकाऱ्यांना होणारा विलंब आणि वाढत गेलेला तोटा, हा तिचा दोष. शेजारच्या गुजरात-मध्यप्रदेशात भाव अधिक असला की सीमेवरून कापूस गुपचूप पलीकडे जाई, हे धुळे जिल्ह्याला चांगले ठाऊक आहे. २००२ नंतर खासगी खरेदीला वाट मोकळी झाली आणि ती योजना मागे पडली. भाव आधी ठाऊक असण्याचे मोल मात्र कमी झाले नाही.

कांद्याचा अनुभवही वेगळा नाही. १९ ऑगस्ट २०२३ रोजी निर्यातीवर ४० टक्के शुल्क आले, ८ डिसेंबरला निर्यातच बंद झाली, मे २०२४ मध्ये अटींसह ती खुली झाली आणि १ एप्रिल २०२५ पासून शुल्क पूर्ण उठले. दीड-पावणेदोन वर्षांत चार वेळा नियम फिरले. कांद्याचे पीक मात्र चार वेळा फिरवता येत नाही.

पिवळ्या सोन्याचा ताळा

आखाजीला सोने घेण्याची रीत आहे. सोन्यावरील आयातशुल्क जुलै २०२२ मध्ये १५ टक्क्यांपर्यंत गेले होते. २३ जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पाने ते ६ टक्क्यांवर आणले. त्यामुळे सोने स्वस्त होईल असे वाटले, आणि काही दिवस ते झालेही. पण जगाच्या बाजारात भाव चढतच गेला, आणि २०२५ च्या आखाजीच्या आठ दिवस आधी दहा ग्रॅमला एक लाख रुपये हा आकडा गाठला गेला.

गृहिणींनी हा ताळा एकदा कापसात मांडून पाहावा. २०२२ च्या आखाजीला कापूस क्विंटलला दहा हजारांच्या पुढे होता आणि दहा ग्रॅम सोने पन्नास हजारांच्या आसपास. म्हणजे घडणावळ आणि कर सोडून पाच क्विंटल कापसात तोळाभर सोने येई. २०२५ च्या आखाजीला हमीभावाने विकलेला सुमारे तेरा क्विंटल कापूस तेवढ्याच सोन्याला लागला असता. तीन वर्षांत रान तेच, घाम तोच; माप मात्र अडीच पटींहून अधिक वाढले. याचा सर्व दोष शासनाच्या माथी मारणे न्याय्य होणार नाही, कारण सोन्याचा जागतिक भाव कोणत्याही मंत्र्याच्या हाती नसतो. पण आपण एकाच वेळी विकणारे आणि विकत घेणारे असतो, आणि विकताना भाव पडला तर घेताना मिळालेली करसवलत त्याची भरपाई करीत नाही, एवढे या हिशेबातून समजते.

धोरणाचा मुहूर्त

दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. २७ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेने भारतीय मालावरील एकूण जादा शुल्क ५० टक्क्यांवर नेले. कापड आणि तयार कपड्यांच्या निर्यातीवर तो मोठा घाव होता. कच्चा माल महाग राहिला, तर गिरणी थांबते. आणि गिरणी थांबली, तर धुळे-शिरपूरच्या सूतगिरण्यांत कामाला जाणारी खानदेशचीच मुले घरी बसतात. शिवाय गिरणीच बंद पडली, तर उद्या आपला कापूस घेणार कोण? तेव्हा शुल्क उठविण्यामागे काही कारणच नव्हते, असे म्हणता येत नाही. प्रश्न निर्णयापेक्षा त्याच्या वेळेचा आणि त्याचा भार कोणी वाहावयाचा याचा आहे.

शासनाला मुहूर्त कळत नाही, असेही नाही. २२ सप्टेंबर २०२५ रोजी, घटस्थापनेच्या दिवशी, वस्तू व सेवा कराचे नवे दर लागू झाले. तूप-लोणी, ट्रॅक्टर, ठिबक संच यांवरील कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला, आणि सणासुदीला घराघरांत त्याचे स्वागतच झाले. घेणाऱ्यासाठी जर शुभ दिवस पाहता येतो, तर पिकविणाऱ्यासाठी का पाहता येऊ नये?

महाभारताच्या शांतिपर्वात शरपंजरी पडलेले भीष्म युधिष्ठिराला राजधर्म सांगतात. भुंगा जसा झाडाला इजा न करता मध घेतो, तसा राजाने प्रजेकडून कर घ्यावा, असा त्या उपदेशाचा आशय आहे. आजच्या राज्यकर्त्यांसाठी त्याचा अर्थ असा, की झाड फुलावर असताना फांदी हलवू नये. हमीभाव, आयातशुल्क आणि निर्यातीचे नियम ही तिन्ही पेरणीपूर्वी, आखाजीच्या सुमारास जाहीर व्हावीत आणि पीक घरातून विकले जाईपर्यंत ती स्थिर राहावीत. राष्ट्रहितासाठी मध्येच बदल करणे भाग पडले, तर त्याची झळ ज्याला लागते त्याला त्याच हंगामात भावातील फरक मिळावा. ही मागणी सवलतीची नसून विश्वासाची आहे.

तोपर्यंत घरानेही आपला विवेक सांभाळावा. सगळा कापूस एकाच दिवशी विकू नये आणि सगळाच अधिक भावाच्या आशेने घरात कोंडूनही ठेवू नये. २०२३ च्या उन्हाळ्यापर्यंत कापूस राखून बसलेल्या कित्येक घरांनी त्या आशेची किंमत मोजली आहे. सोने घ्यावयाचे तर शिल्लकेतून घ्यावे, उसनवारीतून नको. सालदाराची ठरलेली रक्कम प्रथम बाजूला काढावी, कारण त्याच्याही घरी आखाजी असते.

पितरांच्या नावे भरलेली घागर आपण काठोकाठ भरतो, ती रिकामी राहू नये म्हणून. पिकविणाऱ्याचे घरही तसेच भरलेले राहावे, आणि या तिथीला त्याने मनात मांडलेला हिशेब पुढच्या आखाजीपर्यंत खरा ठरावा, हीच गौराईच्या चरणी प्रार्थना.