बाबा इज यू : ढकलता येणारं व्याकरण

पालकसभेत मोबाइलच्या नावाने बोटं मोडायची आणि घरी येऊन व्हिडिओ गेमवर लेख लिहायचा, हे कसं काय, असं कोणी विचारेल. विचारू द्या. ज्या गेममध्ये ढकलायच्या वस्तू म्हणजे चक्क शब्द आहेत, त्यावर भाषेच्या शिक्षकाने नाही लिहायचं तर कोणी लिहायचं?

गेमचं नाव 'बाबा इज यू'. फिनलंडच्या अर्वी तेइकारी यांनी तो २०१७ च्या नॉर्डिक गेम जॅममध्ये पहिल्यांदा बनवला. गेम जॅम म्हणजे दिलेल्या विषयावर दोन-तीन दिवसांत गेम तयार करून दाखवायची स्पर्धा. त्या वर्षीचा विषय होता 'नॉट देअर'. 'नॉट' या एका शब्दावरून तेइकारींना एक चित्र सुचलं : तापलेल्या लाव्हारसात बर्फाचा ठोकळा आहे, पण तो वितळत नाही. का? तर 'बर्फ वितळत नाही' असं वाक्यच तिथे मांडून ठेवलं आहे. ती स्पर्धा या छोट्या गेमने जिंकली आणि मार्च २०१९ मध्ये त्याचा पूर्ण अवतार बाजारात आला. २०२१ पासून तो फोनवरही मिळतो.

ठोकळे ढकलायच्या खेळांचं घराणं जुनं आहे. त्याचा मूळपुरुष 'सोकोबान', जपानच्या हिरोयुकी इमाबायाशी यांचा, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीचा. गोदामातला माणूस, चार भिंती आणि नेमून दिलेल्या जागी पोचवायच्या पेट्या. पेटी ढकलता येते, ओढता येत नाही. कोपऱ्यात गेली की गेली. एवढ्या एका नियमावर चाळीस वर्षं हजारो कोडी रचली गेली, पण नियम मात्र कधी कोणाला हलवता आला नाही. तेइकारींनी नेमका तोच ठोकळा करून पटावर ठेवला.

पडद्यावर एक पांढरा चार पायांचा प्राणी असतो, तो बाबा. भिंती असतात, दगड असतात, एक झेंडा असतो. आणि त्यांच्या शेजारी सुटे शब्द पडलेले असतात : 'बाबा इज यू', 'वॉल इज स्टॉप', 'रॉक इज पुश', 'फ्लॅग इज विन'. ही वाक्यं आहेत तोवर भिंत अडवते, दगड ढकलला जातो, झेंड्याला शिवलं की जिंकता येतं. आता 'वॉल इज स्टॉप' मधला 'स्टॉप' ढकलून बाजूला करा. भिंत जागेवरच आहे, पण अडवणं संपलं. तुम्ही तिच्यातून आरपार चालत जाता. 'वॉल इज यू' जुळवलंत तर पटावरच्या सगळ्या भिंती तुमच्या बोटावर चालू लागतात. 'रॉक इज वॉल' केलंत की दगडांच्या भिंती होतात. 'यू' कशालाच जोडलेलं राहिलं नाही, तर पटावर तुम्ही कोणीच उरत नाही, आणि संगीत थांबतं. ही शांतता मला फार आवडते. 'कर्ता हरवला' हे मुलांना समजावायला आम्हाला फळ्यावर अर्धा तास लागतो.

नावाबद्दल एक सांगून टाकतो. मराठी आणि उर्दू, दोन्ही घरांतली मुलं 'बाबा' ऐकून आधी हसतात. 'बाबा' आणि त्याचा जोडीदार 'केके' ही नावं 'बूबा-किकी' या प्रयोगावरून आली. एक गोलाकार आणि एक टोकदार आकृती दाखवून यातली बूबा कोणती आणि किकी कोणती असं विचारलं, की वेगवेगळ्या भाषांची माणसं बहुतेक एकच उत्तर देतात : गोल ती बूबा. वर्गात करून पाहण्यासारखा प्रयोग आहे, खडू सोडून खर्च काही नाही.

गेमची खरी ताकद मला दिसते ती त्याच्या न बोलण्यात. सूचनांचं पान नाही, घड्याळ नाही, चुकलात म्हणून गुण कापणं नाही. एक पाऊल मागे घ्यायची सोय आहे आणि ती कितीही वेळा वापरता येते, अगदी सुरुवातीपर्यंत. बीएडला आम्ही ज्ञानरचनावादावर पानंच्या पानं टिपा लिहिल्या : मूल स्वतः ज्ञान रचतं, शिक्षक फक्त वाट मोकळी करतो, वगैरे. ते प्रत्यक्षात कसं दिसतं, हे या गेमच्या पहिल्या दहा-पंधरा कोड्यांत मला जितकं स्वच्छ दिसलं तितकं कुठल्याही प्रशिक्षण शिबिरात दिसलं नाही. 'लाव्हा इज हॉट' आणि 'बाबा इज मेल्ट' ही दोन वाक्यं शेजारी दिसली की मूल एकदा लाव्हात जाऊन पाहतं, विरघळतं, मागे येतं आणि मग विचारतं की यातलं कुठलं वाक्य मोडता येईल? हा प्रश्न सुचणं म्हणजेच व्याकरण.

पण मग पुढे गेम सुटतो आणि सुटतच जातो. कोडी दोनशेहून जास्त. सुरुवातीची काही दालनं ओलांडली की चढ एकदम उभा होतो. इशारा मागायची सोय नाही. काही कोड्यांत युक्ती कळलेली असते, पण ती अमलात आणायला शब्द एकेका घराने असे सरकवावे लागतात की त्यात विचार कमी आणि हमाली जास्त. म्हणून मला वाटतं, हा खेळ मुळात छोटाच शोभतो. जॅममध्ये जन्मला तेवढा आटोपशीर, किंवा फार तर त्याच्या दुप्पट. कल्पना इतकी धारदार असताना तिच्या प्रत्येक शक्यतेची यादी पूर्ण करायचा हट्ट कशाला? पट्टीच्या खेळाडूंना माझं हे पटणार नाही. त्यांच्यासाठी शेवटची कोडीच खरा गेम आहे.

दुसरी उणीव आमच्या बाजूची आहे, आणि तिच्यासाठी मी तेइकारींना दोष देणार नाही. इथली वाक्यं फक्त डावीकडून उजवीकडे किंवा वरून खाली वाचली जातात. माझ्या वर्गातलं मूल सकाळच्या तासाला उजवीकडून डावीकडे उर्दू वाचतं, दुपारी उलट दिशेने मराठी. त्याने 'बाबा', 'इज', 'यू' असं उजवीकडून मांडलं तर पट ढिम्म हलत नाही. आणि 'इज' नेहमी मधेच. आपल्या दोन्ही भाषांत 'आहे' किंवा 'है' शेवटी बसतो, शिवाय समोर कोण आहे ते पाहून 'आहेस', 'आहात', 'हो', 'हैं' असे कपडे बदलतो.

याहून मोठा फरक पुढे आहे. या गेममध्ये जागा म्हणजेच अर्थ. 'रॉक इज वॉल' आणि 'वॉल इज रॉक' यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. मराठीत? 'मांजराने उंदराला खाल्लं' आणि 'उंदराला मांजराने खाल्लं'. शब्दांची जागा बदलली, उंदीर मात्र दोन्हीकडे मेला. उर्दूतही 'बिल्ली ने चूहे को खाया' आणि 'चूहे को बिल्ली ने खाया' हे तेच. आपला अर्थ जागेत नसतो, तो 'ने' आणि 'ला' मध्ये, 'ने' आणि 'को' मध्ये असतो. म्हणजे हा गेम मराठीत नुसता भाषांतरित करून चालणार नाही. ढकलायला प्रत्ययांचे ठोकळे लागतील. 'ने' आणि 'ला' यांची अदलाबदल करा की उंदीर मांजराला खाऊन टाकेल.

पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या कापून मी सातवीच्या वर्गात हे करून पाहिलं. शब्द हलवून काही होत नाही म्हणून मुलं आधी कंटाळली. मग एकीने फक्त 'ने' आणि 'ला' उचलून बदलले आणि वर्ग खदखदून हसला. पण लगेच मागच्या बाकावरून हरकत आली : सर, चिठ्ठीवर 'उंदीर' आहे, मग 'उंदीरने' का नाही म्हणायचं, 'उंदराने' का? सामान्यरूप! प्रत्यय शेजारी आला की शब्दाने आपला आकार बदलायचा, 'उंदीर'चा 'उंदरा' व्हायचा, 'चूहा'चा 'चूहे'. पुठ्ठ्याला हे जमत नाही. मला प्रत्येक नामाच्या दोन चिठ्ठ्या कराव्या लागल्या. पडद्यावरच्या ठोकळ्याला मात्र सहज जमेल. 'ने' येऊन भिडला की 'उंदीर' डोळ्यांदेखत 'उंदरा' होईल, 'ने' दूर ढकलला की पुन्हा 'उंदीर'. पुण्या-मुंबईकडे गेम बनवणारी तरुण मंडळी आहेत, त्यांच्यापैकी कोणी हे वाचत असेल तर पंधराच कोडी करा. दोनशे नकोत.