लाइकला आवक क्रमांक नसतो



रोवणी आटोपली. धानाने मूळ धरलं, फुटवे सुरू झाले. बांधीत पाणी बेताचं आहे, खोडकिडीवर नजर ठेवून आहो. पण आज किडीवर नाही लिहीत. मोबाइलवर आमदार, खासदार, मंत्री आपल्याशी बोलून राहिले, त्याबद्दल लिहितो.

पहिले चांगली गोष्ट सांगतो. आधी साहेबांना भेटायचं म्हणजे सकाळची एसटी पकडून चंद्रपूरला जा, बंगल्यासमोर दिवसभर बसा आणि मजुरी बुडवून परत या. आता मूलमध्ये बसून फोटोसकट लिहिता येते. सत्तेचा कारभारही आता तिथंच होऊन राहिला. कोरोनाच्या काळात उद्धव ठाकरे फेसबुक लाइव्हवरून राज्याशी बोलत, आणि 29 जून 2022 ला मुख्यमंत्रीपद सोडतो म्हणून त्यांनी सांगितलं तेही फेसबुक लाइव्हवरच. म्हणून 'हे पोरांचे खेळ आहेत' असं म्हणून आपल्याला चालत नाही.

पण बोलणं वेगळं आणि काम होणं वेगळं.

सुरेश प्रभू 2014 ते 2017 रेल्वेमंत्री होते. नोव्हेंबर 2015 मध्ये आपल्या विदर्भातल्या शेगावजवळ गाडीत एका बाईला एक प्रवासी त्रास देत होता. तिने ट्विटरवर मंत्र्याला कळवलं आणि पुढे भुसावळला रेल्वेचे लोक मदतीला हजर झाले. हे काहून जमलं? मंत्र्याच्या खात्यामागे माणसं बसवली होती. तक्रार कोणत्या विभागाची ते ते पाहत आणि तिथल्या अधिकाऱ्याला कामाला लावत. म्हणजे मोबाइल फक्त घंटा होती, घंटा ऐकून उठणारा माणूस मागे होता.

आपल्याकडच्या बहुतेक पेजमागे कोण असते? बॅनर बनवणारा पोरगा. त्याला वाढदिवस माहीत, सणवार माहीत. नहराचं गेट कोणाच्या ताब्यात आहे हे त्याला काय माहीत?

दोन वर्षांमागे धान निसवायच्या बेतात होता आणि नहराच्या टोकाला पाणी नव्हतं. एका लोकप्रतिनिधीच्या पेजवर आम्ही चौदा जणांनी भेगा पडलेल्या बांधीचे फोटो टाकले. उत्तरात हात जोडलेलं चित्र आलं आणि 'आपली समस्या कळवली आहे' एवढं एक वाक्य. कोणाला कळवली, कधी कळवली, काही नाही. मंग तिघं जण अर्ज घेऊन कार्यालयात गेले, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतला. नवव्या दिवशी माणूस गेट पाहायला आला. नाव कोणाचंच घेत नाही, कारण ही गत एका पक्षाची नाही.

आता हिशोब पहा. पीक विम्यात नुकसान झालं की 72 तासांत कळवा, हा नियम आपण वर्षानुवर्षे पाळला. ई-पीक पाहणीची तारीख चुकली तर आपलंच नुकसान. माहितीच्या अधिकारात कार्यालयाला 30 दिवस असतात. आपले सरकार पोर्टलवर तक्रार टाकली तर टोकन नंबर मिळतो. साहेबांच्या पेजवर लिहिलं तर ना मुदत, ना नंबर. उद्या ते लिहिलेलं कोणी पुसून टाकलं तर तुमच्याजवळ पुरावा कोणता?

घोषणेचंही तसंच. डिसेंबर 2023 च्या नागपूर अधिवेशनात धानाला हेक्टरी 20,000 रुपये जाहीर झाले. आमच्या ग्रुपवर फिरलेल्या बॅनरवर आकडा मोठा आणि फोटो त्याहून मोठा होता. मर्यादा 2 हेक्टरची आणि त्यासाठी नोंदणी लागते, या गोष्टी शेतकऱ्याला मागाहून विचारत फिरावं लागलं.

सिंदेवाहीच्या संशोधन केंद्राचा सल्ला येतो तेव्हा त्यात औषधाचं नाव, प्रमाण, पाण्याचं माप आणि फवारणीची वेळ असते. 'किडीवर लवकरच उपाय करू' असा सल्ला कोणी दिला तर आपण ऐकू का? मंग लोकप्रतिनिधीच्या पोस्टलाही तेच माप लावा. माझ्या मते चार गोष्टी मागितल्या पाहिजेत.

1. घोषणा टाकली तर शासन निर्णयाचा क्रमांक, तारीख आणि अटी सोबत टाका.
2. विधानसभेत आमचा कोणता प्रश्न विचारला आणि मंत्र्याने काय उत्तर दिलं, ते टाका. फुलांच्या हाराचा फोटो मागाहून टाका.
3. महिन्याला किती तक्रारी आल्या, किती सुटल्या, किती कुठे अडकल्या, याचा हिशोब द्या.
4. शिवी दिली तर पुसा, पण प्रश्न विचारला म्हणून कोणाला ब्लॉक करू नका.

निवडणुकीच्या वेळी तर उमेदवाराला सोशल मीडियावरचं खातं प्रतिज्ञापत्रात दाखवावं लागते, तिथला खर्चही हिशोबात धरतात. निवडणूक आयोगाने 2013 मध्येच तसं सांगितलं. मते मागताना हिशोब देता येते, तर निवडून आल्यावर काहून नाही?

आणखी एक. रोवणीला चिखलात वाकणाऱ्या किती बायांच्या हाती स्वतःचा फोन असते? जंगलाकाठच्या गावात वाघाच्या भीतीने माणूस संध्याकाळी घराबाहेर पडत नाही, आणि तिथंच नेमकं नेटवर्क राहत नाही. ज्याची गरज सर्वांत मोठी, त्याचा आवाज पेजवर सर्वांत कमी. पेजवरची गर्दी पाहून जनतेचं मत समजलं असं साहेबांनी धरू नये.

आपल्याच जिल्ह्यातले कन्नमवार 1962 मध्ये राज्याचे मुख्यमंत्री झाले, तेव्हा फोनसुद्धा गावोगावी नव्हते. तक्रार म्हणजे कागद. कागद हळू जात होता, पण कोणाच्या तरी टेबलावर पडून राहत होता, गायब होत नव्हता.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. पेजवर जरूर लिहा, पण आधी अर्ज द्या, आवक क्रमांक घ्या, आणि त्या शिक्क्याचा फोटो साहेबांच्या पोस्टखाली टाका. मंग हात जोडलेल्या चित्रावर भागत नाही, उत्तर द्यावं लागते.

तुमच्या गावात अशी तक्रार टाकून काम झालं असेल तर किती दिवसांत झालं ते लिहा. नसेल झालं तर तेही लिहा.