दोनशेंच्या पुढच्या शेचाळीस धावा

गेल्या महिन्यांत नंदुरबारांतच एका स्नेह्यांकडे जेवावयास गेलों असतां, पंगत उठल्यावर एक वाद ऐकावयास मिळाला. धाकटा नातू महाविद्यालयाच्या क्रिकेट संघाचा नायक झालेला. आजोबा प्रसन्न, वडील खिन्न. “खेळ कीं अभ्यास, एक काय तें ठरव,” असें वडिलांचें म्हणणें. निवाड्यासाठीं सर्वांनीं माझ्याकडे पाहिलें. मीं निवाडा न देतां संस्कृताच्या एका प्राध्यापकांची हकीकत सांगितली. तीच आज वाचकांपुढें ठेवीत आहें.

दिनकर बळवंत देवधर यांचा जन्म 1892 सालचा. पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयांत ते संस्कृत शिकवीत. 1926 सालीं गिलिगन यांचा इंग्रज संघ इकडे आला, तेव्हां मुंबईस त्यांनीं त्याच्याविरुद्ध 148 धावा काढल्या. परंतु हिंदुस्थानचा पहिला कसोटी सामना झाला 1932 सालीं, आणि तोंवर देवधरांनीं चाळिशी गांठली होती. कसोटी खेळणें त्यांच्या नशिबीं नव्हतें. दुसऱ्या एखाद्यानें बॅट खुंटीस टांगून दैवाला बोल लावला असता. देवधरांनीं महाराष्ट्राच्या संघाची धुरा वाहिली व 1939-40 सालीं रणजी करंडक पुण्यास आणला. आपल्या खानदेशचा मुलगाहि निवडला गेला, तर याच संघाकडून खेळतो.

पुढील हंगामांत पुण्यास मुंबईशीं गांठ पडली. देवधरांचें वय 48. त्या वयांत उन्हांत उभें राहून त्यांनीं 246 धावा केल्या, आणि महाराष्ट्राचा डाव 675 वर संपला. एवढा डोंगर रचल्यावर सामना जिंकलाच, असें कोणासहि वाटावें. पण मुंबईनें हार मानली नाहीं. खंडू रांगणेकर यांनीं 202 धावा फटकावल्या, आणि मुंबईचा डाव 650 पर्यंत पोंचला. पहिल्या डावांतील अवघ्या 25 धावांच्या आघाडीवर महाराष्ट्र विजयी झाला.

आतां हा हिशेब नीट पाहावा. दोनशें धावा झाल्या कीं फलंदाजाची कीर्ति पुरी होते. टाळ्या पडतात, अंग थकलेलें असतें, आणि मन म्हणतें, ‘पुरे झालें’. देवधरांनीं तेथें समाधान मानलें असतें, तर 46 धावा कमी पडत्या, आणि 25 धावांची आघाडी कोठची राहती? पहिल्या दोनशें धावांनीं त्यांचें नांव झालें. पुढच्या 46 धावा संघाच्या कामीं आल्या. मुंबई 650 करील, हें त्या वेळीं त्यांना ठाऊक असणें शक्य नव्हतें. ठाऊक नसतांना थांबावयाचें नाहीं, यालाच मी नायकत्व म्हणतों. त्या वर्षीं मद्रासचा पराभव करून महाराष्ट्रानें करंडक राखला. देवधर 1993 सालीं, वयाच्या 101 व्या वर्षीं वारले.

येथें माझा एक अपराध कबूल करतों. शिक्षक असतांना खेळाचा तास मी कित्येकदां मागून घेतला व त्यांत शब्दरूपें घोकविलीं. ‘मति’ शब्दाप्रमाणें ‘धृति’ चालवा, असें सांगावें, आणि मुलांनीं खिडकींतून मैदानाकडे पाहत तो चालवावा! सारीं रूपें त्यांना पाठ झालीं. अर्थ मात्र बाहेर उन्हांत होता, आणि दाराशीं मीच उभा होतों.

वडिलांची भीति खोटी आहे, असें मी म्हणणार नाहीं. खेळावर पोट भरणारे थोडेच. स्वतः देवधरहि पोटासाठीं शिकवीतच होते. म्हणूनच ‘एक काय तें ठरव’ हा प्रश्न मला चुकीचा वाटतो. मुलास विचारावयाचें तें इतकेंच : नांव झाल्यावरहि तूं इतरांसाठीं उभा राहशील ना?

हें ऐकून वडील कांहीं बोलले नाहींत. आजीबाई मात्र आंतून म्हणाल्या, “अहो मास्तर, पहांटे पुस्तक आणि सायंकाळीं मैदान, एवढें त्याला झेपेल. दूध तेवढें अर्धा शेर वाढवावें लागेल.”

निवाडा झाला तो असा.