रत्नागिरींतील दोन उंबरे

रत्नागिरीस येणारा पाहुणा रत्नदुर्गावर भगवतीचें दर्शन घेतो, मांडवीस सायंकाळ घालवितो आणि आंबे घेऊन परततो. वाचकांस विनंती एवढीच, कीं मुलांसह आणखी दोन वास्तू एकाच दिवशीं पाहाव्या. पहिली, १९१० चा थिबा राजवाडा. १८८५ सालीं इंग्रजांनीं ब्रह्मदेशाच्या थिबा राजाचें मंडालेचें सिंहासन हिरावून घेतलें. १८८६ पासून १९१६ सालच्या मृत्यूपर्यंत तो रत्नागिरींतच स्थानबद्ध होता. दुसरी, टिळक आळींतील लोकमान्यांचें जन्मस्थान. १८५६ सालीं जन्मलेल्या या पुरुषास त्याच सरकारनें १९०८ सालीं शिक्षा देऊन मंडालेच्या तुरुंगांत डांबलें. मंडालेचा राजा रत्नागिरींत आणि रत्नागिरीचा सुपुत्र मंडालेंत! पारतंत्र्य म्हणजे काय, हें मुलांस या दोन उंबऱ्यांवर सहज उमजेल.