थोड्या पैशांत पुरा संग्रह

नाणी जमविणे हा श्रीमंतांचाच छंद, असे सांगून मुलांना नाउमेद करू नका. ‘सगळी नाणी’ हा हट्ट सोडा, आधी हद्द आखा. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली. त्यांतील ‘नये पैसे’ मालिकेत १, २, ५, १०, २५ व ५० अशी सहाच मूल्ये. १९६४ साली ‘नये’ शब्द गेला. प्रत्येकी एक नाणे मिळाले की संग्रह पुरा! प्रत्येक सन, प्रत्येक टांकसाळ यांच्या मागे लागलात तर खर्च वाढतो. प्रथम घरातील डबे, आजीची पेटी धुंडाळा. उरलेलेच विकत घ्या. चिंचेने घासू नका, किंमत उतरते. महिन्याची रक्कम ठरवा, वहीत मांडा. किराणा तोडून नाणे घेऊ नये.