दुखणे आणि मुदत

कर्जत-खालापूरकडील रुग्ण मोठ्या शस्त्रक्रियेसाठी बहुधा पनवेल किंवा मुंबई गाठतो. उपचारात निष्काळजीपणा झाल्याची शंका आल्यास दाद मागण्यालाही मुदत असते, हे मात्र अनेक कुटुंबांच्या ध्यानी नसते. पैसे देऊन घेतलेल्या उपचारांबाबत, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार, तक्रारीचे कारण उद्भवल्यापासून २ वर्षांच्या आत ग्राहक आयोगाकडे जावे लागते. विलंबास सबळ कारण असल्यासच आयोग तो क्षमापित करू शकतो.

हे कारण उद्भवले केव्हा, हा कळीचा प्रश्न. गोव्यातील सरकारी रुग्णालयातील एका परिचारिकेच्या पित्ताशयावर १९९३ साली मुंबईत शस्त्रक्रिया झाली. वेदना राहिल्या. २००२ मध्ये दुसऱ्या शस्त्रक्रियेत पोटात गॉज आढळला आणि २००४ मध्ये तक्रार दाखल झाली. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ती मुदतबाह्य ठरवली. नऊ वर्षे वेदनाशामके घेणाऱ्या, त्यातही परिचारिका असलेल्या व्यक्तीने मूळ शल्यचिकित्सकाकडे जाऊन कारण शोधावयास हवे होते, असे न्यायालयाचे म्हणणे.

म्हणून, वाचकहो, शस्त्रक्रियेनंतरचे दुखणे अंगावर काढू नये. त्याच डॉक्टरांना वेळीच दाखवावे व तक्रार लेखी नोंदवावी. उपचारांची कागदपत्रे मागितल्यावर ७२ तासांत मिळावीत, असा नियम आहे. ती जपून ठेवण्याचे बंधन डॉक्टरांवर ३ वर्षांपुरतेच असते. रुग्णालय मुंबईत असले तरी तक्रार राहत्या जिल्ह्यात, म्हणजे अलिबागला करता येते. सोशिकपणा हा आपल्या घरांत, विशेषतः स्त्रियांच्या बाबतीत, गुण मानला जातो. इथे त्याची किंमत रुग्णालाच मोजावी लागते.